बॅबिलोनच्या विटेवर राजाचं नाव, ते पण झाकलेलं?

उनाड_पाखरू: ब्रिटिश म्युझियममध्ये नेबुकॅडनेझरची, म्हणजे आताच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनच्या राजाची वीट बघितली. फूटभर लांब-रुंद चौकोनी, जाडीला चारेक बोटं, आणि मधोमध कीलाकार (खिळ्यासारख्या) अक्षरांचा शिक्का. पण तो शिक्का सपाट अंगावर आहे, म्हणजे वर दुसरा थर बसला की गायब ना? मग एवढा खटाटोप कोणासाठी?

जुनं_ते_सोनं: माणसांसाठी नव्हताच तो. मजकूर ठरलेला असायचा, मी नेबुकॅडनेझर, बॅबिलोनचा राजा, एसागिला आणि एझिदा या देवळांचा सांभाळ करणारा, नबोपोलस्सरचा थोरला मुलगा. वाचणार कोण, तर देव आणि पुढे कधीतरी दुरुस्तीला खणणारा राजा. आणि तसं झालंही बरं का, नंतरचा बॅबिलोनचा राजा नबोनिडस याने सिप्पर शहरात देवळाखाली खणून नरामसिन या फार जुन्या राजाचा पायालेख (पायात पुरलेला लेख) शोधला आणि म्हणे ३२०० वर्षं कोणी बघितला नव्हता, आता हिशोबात त्याने दीडेक हजार वर्षं जास्तीची धरली ते सोडा.

भट्टीवाला: आमची वीटभट्टी होती. आपल्या विटेला पण वरच्या अंगाला खळगा असतो त्यात मालकाची अक्षरं, तीही मालात बुजतातच. साचा उलटा कोरावा लागतो, आमच्या एका साच्यात 'र' उलटा पडला आणि आख्खा सीझन तसाच गेला 😂 त्यांच्या शिक्केवाल्याला राजाने काय केलं असतं देव जाणे

टिवल्याबावल्या: उर या तिथल्याच जुन्या शहराच्या विटांवर तर कुत्र्याचे पंजे आहेत, ओली वीट उन्हात वाळत पडलेली आणि हा वरून चालत गेला. राजाचं नाव वाचायला पंडित लागतो, पंजा कोणालाही कळतो. बाकी ही हौस सुटत नाही हो, १९८०च्या दशकात सद्दामने बॅबिलोन परत बांधायला काढलं तेव्हा स्वतःच्या नावाच्या विटा घातल्या, त्या पण जुन्या पायावरच.

जुनं_ते_सोनं: नावामुळे काळ कळतो हा मोठा फायदा. २०२३ मध्ये १२ राजांच्या नावांच्या ३२ विटांमधले लोहकण तपासून तेव्हाचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती होतं ते काढलं, नेबुकॅडनेझरच्याच काळात ते झपाट्याने बदललेलं दिसतं.

उनाड_पाखरू: भारी! आता फोटो झूम करून बघतोय, कडेला काळं काहीतरी चिकटलंय, जळलीय का?

भट्टीवाला: जळलेली वीट अशी नाही दिसत, वाकडी होते

जुनं_ते_सोनं: डांबर असणार. बॅबिलोनमध्ये भाजक्या विटा बऱ्याचदा डांबरात बसवायचे, फरात (युफ्रेटिस) नदीकाठी हीत गावाजवळ ते जमिनीतून आपोआप वर येतं.