परदेशी बास्केटबॉल लीगमधला गार्ड 'बाद' कसा?

पेड्याचा गार्ड:
काल आग्वादकर यांनी इथे गार्डबद्दल, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्या खेळाडूबद्दल, आणि अमेरिकेच्या एनबीए लीगबद्दल लिहिलं: "एनबीएत जागा टिकली नाही की गार्ड चीन-तुर्कस्तानात जातात. बाद झालेल्यांची पोटापाण्याची सोय आहे ती. गोव्यातल्या पोरांना असली स्वप्नं दाखवू नका." ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

स्टेफन मार्बरी १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए क्लबांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथा होता. २०१० मध्ये तो चीनला गेला तेव्हा एनबीएत त्याला कोणी विचारत नव्हतं, हे मान्य. पण बीजिंगने त्याच्याआधी लीग एकदाही जिंकली नव्हती. तो आला आणि २०१२, २०१४, २०१५ अशी तीन अजिंक्यपदं आली. त्या शहरात त्याचा पुतळा आहे.

माइक जेम्सला तर २०१२ ला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नाही. क्रोएशिया, इस्रायल, इटलीतली खालची लीग, ग्रीसचं रोड्स बेट असं फिरत तो स्पेनला पोचला. आज युरोपातल्या बड्या क्लबांच्या युरोलीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणाऱ्यांत ग्रीसच्या स्पानुलिसला मागे टाकणारा तोच, आणि २०२३-२४ चा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आणि युरोपातला खेळ सोपा आहे असं समजू नका. सामना एनबीएपेक्षा लहान, ४० मिनिटांचा, म्हणजे गार्डला चुका सुधारायला वेळ कमी. बचाव करणाऱ्याला रिंगखाली तीन सेकंदांहून जास्त रेंगाळू न देणारा एनबीएचा नियम तिथे नाही, त्यामुळे उंच सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसतो. सहकाऱ्याने बचावपटूला अडवलं (त्याला स्क्रीन म्हणतात) आणि तुम्ही सुटून आत घुसलात की समोर भिंत. पास कधी सोडायचा हे ज्याला कळतं तोच तिथे टिकतो. मी पंधरा वर्षं पॉइंट गार्ड खेळलोय, मला 'बाद' हा शब्द सहन होत नाही.

आग्वादकर:
दोन नावं सांगितलीत, दोन्ही अमेरिकन. आपल्याकडचं बोला. विशेष भृगुवंशी हा आपला सगळ्यात मोठा गार्ड. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या क्लबने त्याला करारबद्ध केलं, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याचं घर चाललं ओएनजीसीच्या नोकरीवर आणि नाव झालं भारताकडून खेळून. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यासाठीच. आपल्याकडची यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ ला थाटात सुरू झाली, २०१७ नंतर कुठे आहे? माझ्या भाच्याने त्या नादात बारावीनंतर दोन वर्षं घालवली. त्याच्या आईने काय सोसलं ते मी पाहिलंय.

तारवट्याचा मुलगा:
आग्वादकरबाब, भाच्याचं वाईट वाटलं. पण 'पोटापाण्याची सोय' हे तुम्ही शिवीसारखं का वापरता? माझा बाप चोवीस वर्षं बोटीवर होता. नऊ महिन्यांचं कंत्राट, मग घर, मग पुन्हा मेडिकल आणि पुन्हा बोट. परदेशी गार्डचं आयुष्य हेच आहे. त्यात लाज कसली?

त्रास मात्र आहे. माझा थोरला भाऊ आखातातल्या एका क्लबकडून दीड मोसम खेळला. करार एका पानाचा. पहिला पगार रोख, पाकिटात. डिसेंबरपासून "पुढच्या आठवड्यात" सुरू झालं. घोट्याची टेप संपली तर खोकी बंद करायची ब्राऊन चिकटपट्टी मोज्यावरून गुंडाळून खेळायचा. फेब्रुवारीत घोटा मुरगळला. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत दुसरा गार्ड बॅग घेऊन उभा. तीन महिन्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

पेड्याचा गार्ड:
करारात बास्केटबॉल लवादाचं कलम होतं का? फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेने २००७ मध्ये जिनिव्हात तो लवाद सुरू केला, तो असल्याच बुडवलेल्या पगारांसाठी. निकाल खेळाडूच्या बाजूने लागला आणि क्लबने पैसे दिले नाहीत, तर फिबा त्या क्लबला नवीन खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. पण कलम करारात लिहिलेलं हवं.

तारवट्याचा मुलगा:
नव्हतं. एका पानात काय असणार!

बाणावलीची सून:
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. क्लब परदेशी खेळाडू मोजून घेतात, अमेरिकन गार्ड त्यात मोडतो. युरोपीय पासपोर्टवाला मोडत नाही, १९९५ च्या बोस्मन खटल्यातल्या युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर. आणि १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे मुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज पासपोर्ट काढू शकतात. माझ्या नणंदेच्या मुलाने आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवून पासपोर्ट काढला. सहा फूट दोन इंच उंची, डाव्या हाताने सुंदर ड्रिब्लिंग. त्याला हे कोणीच सांगितलं नाही. आज इंग्लंडमध्ये गोदामात रात्रपाळी करतो.

आग्वादकर:
म्हणजे बास्केटबॉलसाठी देश सोडायचा? तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं, आणि २००८ च्या धोरणाप्रमाणे भारताची जर्सीही गेली. माझ्या काकांनी मुक्तिलढ्यात तुरुंग भोगला. त्यांच्या गावात पोर्तुगालच्या पासपोर्टचे गोडवे गायलेले मला खपणार नाहीत.

बाणावलीची सून:
तुमच्या काकांना नमस्कार. पण माझ्या नणंदेच्या घरी कोणी गोडवे गात नव्हतं, घराचं कर्ज फेडत होते. अर्ध्या सासष्टी तालुक्याला तुम्ही देशद्रोही ठरवणार का? शेन लार्किन अमेरिकन, तो २०२० मध्ये तुर्कस्तानचा नागरिक झाला, आता त्यांच्या राष्ट्रीय संघात खेळतो. त्याला कोणी बापाच्या नावाने शिव्या घातल्या नाहीत.

आग्वादकर:
मी देशद्रोही म्हटलं नाही. तोंडात शब्द घालू नका.

तारवट्याचा मुलगा:
ताई, पासपोर्टचा मुद्दा बरोबर, पण त्याने दार उघडतं, जागा मिळत नाही. स्पेनच्या लीगमध्ये तिथेच घडलेल्या खेळाडूंसाठी जागा राखीव असतात. पंधराव्या वर्षी रोज दोनदा सराव केलेली ती पोरं. आपली पोरं पावसाळ्याचे चार महिने काय करतात? आमच्या वाड्यावरच्या सिमेंटच्या कोर्टवर जूनमध्ये शेवाळं धरतं. आम्ही नारळाच्या खराट्याने घासून चुना टाकायचो, तरी फ्री थ्रोच्या रेषेवर पाय सरकायचा. ऑक्टोबरात हात नव्याने बसवायचा. इनडोअर कोर्ट मिळालं तर तिथे बॅडमिंटनची जाळी आधीच बांधलेली.

पेड्याचा गार्ड:
हे मात्र खरं. असल्याच इनडोअर कोर्टच्या चाव्यांसाठी मी तीन वर्षं अर्ज केले.

आग्वादकर:
चाव्यांबद्दल मी तुमच्याबरोबर आहे, अर्जावर सही करतो. मार्बरीबद्दलही, तीन अजिंक्यपदं म्हणजे तीन अजिंक्यपदं. 'बाद' शब्द मागे घेतला. 'पोटापाण्याची सोय' मागे घेणार नाही. भाच्याला मी नोकरी धर असंच सांगणार.

पेड्याचा गार्ड:
तो शब्द मला खुपलाच नव्हता. भाच्याला शनिवारी संध्याकाळी पेड्याला पाठवा. डावा हात कसा आहे त्याचा?

आग्वादकर:
कच्चा. पण पास चांगला देतो.