मदत हवी आहे: अभ्यासिकेतली हवा खेळती कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमची छोटी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती समोरच्या खिडकीतून निघून जाते, त्यामुळे काळजी नसते. थंडीत मात्र सगळं बंद. काचांवर वाफ धरते आणि एकाला खोकला झाला की बघता बघता रांगच्या रांग आजारी पडते. परीक्षा तोंडावर असताना फार वाईट वाटतं.

विषाणू श्वासाबरोबर सुटणाऱ्या बारीक कणांतूनही पसरतात, बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. नुसत्या सॅनिटायझरने भागणार नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोग नियंत्रण संस्था) २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा हवा बदलेल असं बघा, असं सुचवलं. आमचा हॉल २० बाय १५, उंची १० फूट. म्हणजे मिनिटाला २५० घनफूट हवा बदलायला हवी.

एवढ्यासाठी किती इंची एक्झॉस्ट लागेल? आवाज कमी असलेला हवा. तो दारासमोरच्या भिंतीत बसवू का? आणि हवा किती कोंदली आहे ते कळायला कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर जळगाव-धुळ्याकडे कोणी घेतलाय का? बरीच मुलं कापूसवाल्या शेतकऱ्यांची आहेत, फी वाढवायची नाही. कमी खर्चातलं सांगा.