धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच

"सोमवारी धुकं, बुधवारी आभाळ, शुक्रवारी भुरभुर, आज परत थंडीचा कडाका. एकाच आठवड्यात हे कसं?" असं कुणी विचारलं, तर उत्तरात माझीही थोडी भर.

हवेतली वाफ डोळ्यांना दिसत नाही. हवा वर चढली की दाब कमी होऊन ती पसरते आणि दर किलोमीटरला साधारण १० अंश निवते. पुरेशी निवली की वाफ धुळीच्या, धुराच्या, मिठाच्या कणांना धरून थेंब होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब, म्हणून तरंगतात; तोच ढग. बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी-चोर्ल्याला पावसाळ्यात घाट चढणारा वारा हेच करतो.

हिवाळ्यातल्या धुक्यात मात्र हवा चढत नाही. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, लगतची हवा जागच्या जागी निवते. मार्कंडेय नदीच्या काठी ओलही जास्त, म्हणून तिथल्या शेतात पहाटे धुकं जास्त दाट असतं. आभाळ आलं की तेच ढग गोधडीसारखी ऊब धरून ठेवतात, म्हणून बुधवारची रात्र उबदार गेली. हिवाळ्यातलं असं आभाळ बरेचदा बंगालच्या उपसागरातल्या नाहीतर अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे येतं. तो सरला, कोरडा वारा सुटला, की परत गारठा.

मला खरी काळजी आंब्याच्या मोहोराची आहे. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे (रस शोषणारे किडे) आणि भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) दोन्ही वाढतात. खानापूरकडच्या काजूवाल्यांनीही ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीकडे लक्ष ठेवावं. मोहोर आला असेल तर आजच झाडाखाली जाऊन पानांवर तुडतुड्यांचा चिकटा पडलाय का बघा.