४५० गुणांनी वरचढ खेळाडूविरुद्ध पहिली फेरी

प्रश्न: बुद्धिबळ स्पर्धेच्या स्विस पद्धतीत (हरले तरी बाद न होता सर्व फेऱ्या खेळायच्या) पहिल्या फेरीला मानांकनानुसार लावलेल्या यादीच्या वरच्या अर्ध्या भागातील खेळाडूंची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते, त्यामुळे १५०० मानांकनाच्या (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) माझ्या मुलीसमोर १९५० चा प्रतिस्पर्धी येणार असे दिसते. बरोबरीच्या आशेने तिने लवकर वजिरावजिरी (दोन्ही वजिरांची मारामारी करून ते पटावरून काढणे) करावी का?

उत्तर १: ताई, तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. बलवान खेळाडूचे प्रभुत्व हत्ती आणि प्यादी उरल्यावरच अधिक जाणवते, कारण तिथे राजा एक खेळी उशिरा पुढे आला तरी डाव हातचा जातो. वजीर पटावर असताना मात्र त्यालाही सतत हिशेब करावा लागतो.

उत्तर २: मानांकनाची काळजी नको. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघ) नियमानुसार या पातळीवर ४०० पेक्षा मोठा फरक ४०० च धरला जातो आणि दुबळ्या खेळाडूचा अपेक्षित गुण (विजयाला १, बरोबरीला ०.५ धरून) ०.०८ येतो. मुलीचा के-गुणक (एका डावाने मानांकन किती हलेल हे ठरवणारा आकडा) ४० असल्यास हरल्यावर मानांकनाचे ३.२ गुणच जातील, बरोबरीत १६.८ मिळतील.

उत्तर ३: डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला विश्लेषणासाठी दहा मिनिटे जरूर विचारावे, बहुतेक जण आनंदाने बसतात.