जुन्या घराच्या न्हाणीघरातील छुपी गळती: फरशी फोडण्यापूर्वी ती कशी ओळखावी?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर)

आमचे घर १९६८ च्या सुमाराचे असून तळमजल्याच्या भिंती दगड-चुन्याच्या आहेत. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल चढली आहे, पांढरे क्षार फुटले आहेत आणि गिलाव्याचे पोपडे पडत आहेत. पावसाला दोष देण्याची सोय नाही, कारण ही ओल मार्चमध्ये दिसू लागली आणि आपल्याकडच्या ऐन मे महिन्यातही वाळली नाही. न्हाणीघरातली शहाबादी फरशी काढून पूर्वीच टाइल्स बसवल्या होत्या, परंतु भिंतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप तेव्हा बदलले नव्हते. महानगरपालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते व अंगणातील हौदात पडते; तो पाईप न्हाणीघराच्या फरशीखालून गेलेला आहे. हौदातले पाणी मोटरने गच्चीवरील टाकीत चढवतो. एका प्लंबरने संपूर्ण फरशी उखडण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्याच्या मते टाइल्सचे सांधे भरले की काम भागेल. कोणाचे ऐकावे?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

सध्या दोघांचेही ऐकू नये, कारण पाणी कोठून येते हे दोघांपैकी एकानेही तपासलेले दिसत नाही. आपल्याकडे तीन स्वतंत्र वाटा आहेत: हौदाकडे जाणारा पाईप, टाकीतून नळांकडे उतरणारे पाईप, आणि सांडपाण्याची बाजू, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी जिथून निचरते ते तोंड व त्याखालचा वाकडा भाग), त्याचा पाईप व टाइल्सचे सांधे. पहिल्या वाटेत केवळ पाणी सुटते त्या दिवशी दाब असतो, दुसरीत तो अहोरात्र असतो आणि तिसरीत वापर होईल तेवढ्यापुरतेच पाणी वाहते. दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या पाण्याविषयी आपण सारेच कुरकुरतो, पण गळतीच्या निदानाला तेच उपयोगी पडते. ओलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि पाण्याचा दिवस वेगळ्या खुणेने दाखवावा. दगडी भिंत जाड असल्यामुळे परिणाम एक-दोन दिवस उशिरा दिसू शकतो. शिवाय अशी भिंत वाळायला फार वेळ घेते, म्हणून ओल कमी झाली का हे पाहण्यापेक्षा ती कधी वाढली हे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते.

नहाणीची परीक्षा सोपी आहे. तिचे तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करावे, फरशीवर इंचभर पाणी साठवून पातळीची खूण करावी आणि चोवीस तास न्हाणीघर वापरू नये. उन्हाळ्यात थोडे पाणी हवेत उडून जाते, म्हणून शेजारी त्याच पातळीचे पाणी भरलेले एक पसरट भांडे ठेवावे व दोन्हींतली घट ताडून पाहावी. पातळी टिकली, तर फरशीचे सांधे निर्दोष आहेत. ट्रॅपखालचा पाईप मात्र या परीक्षेत येत नाही. त्यासाठी रंगीत पाणी ओतून ते बाहेरच्या चेंबरमध्ये पूर्ण पोहोचते का, हे पाहावे लागते.

उत्तर (प्लंबिंगचे काम करणारा, होटगी रस्ता)

वरील सल्ल्याशी सहमत आहे. टाकीच्या पाईपांसाठी आमची एक पद्धत सांगतो. टाकीतली पातळी पाहून बारीक गळती सहसा कळत नाही, कारण एक मीटर व्यासाच्या टाकीत पाणी एक सेंटीमीटर उतरायला सुमारे आठ लिटर जावे लागतात. त्याऐवजी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप न्हाणीघरातल्या एका नळाला क्लिपने घट्ट बसवावा, त्याचे दुसरे टोक शक्य तितके उंच बांधावे आणि नळ उघडून पाईप भरत आला की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद असावा. बारा मिलिमीटर आतील व्यासाच्या पाईपात पाच मिलिलिटर पाणी गेले, तरी पातळी चार सेंटीमीटरहून अधिक उतरते. आतली हवा निघेपर्यंत पातळी थोडी हलते. ती स्थिरावल्यावरच खूण करावी. गिझरचा वीजपुरवठा बंद ठेवून त्याचा व्हॉल्व्ह एकदा उघडा व एकदा बंद ठेवून परीक्षा घेतली, तर गरम पाण्याची लाईन वेगळी तपासली जाते. पातळी वर चढू लागली, तर टाकीचा व्हॉल्व्हच नीट बसत नाही असे समजावे. जुन्या गेट व्हॉल्व्हचे असे नेहमी होते.

कोणी हातपंपाने पाईपातल्या पाण्याचा दाब वाढवून गळती तपासण्याचा आग्रह धरला, तर जीआय पाईपांची स्थिती पाहूनच होकार द्यावा. गंजलेल्या आट्यांवर नव्या पाईपाइतका दाब टाकला, तर आजवर न गळणारा सांधाही गळू लागतो.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. गिझरचा व्हॉल्व्ह उघडा असताना व बंद असतानाही लेव्हल पाईपातली पातळी हलली नाही. फरशीवरचे पाणीही टिकले आणि रंगीत पाणी चेंबरमध्ये व्यवस्थित पोहोचले. पेन्सिलीच्या रेघा मात्र प्रत्येक वेळी पाण्याच्या दिवसानंतरच ओलांडल्या जात आहेत. मग फरशी फोडावीच लागेल का?

उत्तर (निवृत्त स्थापत्य अभियंता)

फोडू नये. एक शेवटची खात्री करावी: पाणी सुटल्यावर हौदाजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, त्या लाईनवरचा दुसरा नळ चालू नाही हे पाहावे आणि मीटर असल्यास त्याचा काटा फिरतो का ते तपासावे. मीटर नसेल, तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक उघड्या पाईपाला व मूठ कानाला लावून ऐकावे. गळतीचा सूं-सूं आवाज बहुधा येतो. खात्री झाल्यावर फरशीखालचा पाईप दोन्ही टोकांना बंद करून तसाच सोडून द्यावा आणि नवीन पाईप बाहेरच्या भिंतीलगत हौदापर्यंत न्यावा.

हे काम लांबणीवर टाकू नये. पाणी बंद झाल्यावर रिकाम्या होणाऱ्या पाईपात त्याच छिद्रातून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते, आणि आपला पाईप तर नहाणीच्या सांडपाण्याशेजारून जातो. तोवर पिण्याचे पाणी उकळून घ्यावे आणि काम झाल्यावर हौद व टाकी दोन्ही धुऊन घ्यावेत.

भिंतीवरचे सुटलेले पोपडे काढून ती उघडीच ठेवावी. दगड-चुन्याच्या भिंतीवर घाईने सिमेंटचा गिलावा केला, तर आतली ओल कोंडते व अधिक वर चढते. पूर्ण वाळल्यावर चुन्याचाच गिलावा करून घ्यावा.