मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात शाळाप्रवेश, लशी आणि फंडिंगचा गोंधळ

नमस्कार मंडळी, आम्ही जुलैत पुण्याहून बे एरियात शिफ्ट होतोय, नवरा आधीच पोचलाय. लेक (२०१४ ची) सातवीत जाईल, धाकटा (२०१९ चा) पहिलीत. लसीकरणाची कार्डं स्कॅन करून शाळेला पाठवली तर उत्तर आलं, दोघांचंही अपुरं आहे. नवरा ऑफिसात जाऊन भेटला तर तिथल्या बाई म्हणाल्या, रेकॉर्ड पूर्ण नसताना मूल वर्गात बसवलं तर त्याच्या हजेरीचे पैसे शाळेला मिळत नाहीत, त्यामुळे आमचा नाइलाज आहे.

आणि इकडे सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकं उलटं चालूये, की ट्रम्पने सही केलीये, लस मागणाऱ्या शाळांचे पैसे बंद, कशाला पोरांना टोचत बसतेस. मी ती ऑर्डर शोधून वाचली, १४ फेब्रुवारी २०२५ ची आहे आणि तिच्यात फक्त कोविडच्या लशीची सक्ती करणाऱ्या शाळांचं फेडरल फंडिंग अडवायचं म्हटलंय, गोवर-पोलिओचं नाव पण नाही. पण प्रचारात तर तो सरसकट म्हणायचा ना, एक पैसा देणार नाही म्हणून? मग शाळेने नक्की कोणाचं ऐकायचं?

दुसरं म्हणजे लेकीची गोवराची पहिली लस नवव्या महिन्यातली, ती धरणार नाहीत म्हणे. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची) एकच आहे, १५ व्या महिन्यातली. २०१८ च्या मोहिमेत छोट्या गटात असताना शाळेतच एमआर (गोवर-रुबेलाची) टोचली होती, अंगठ्याला शाई लावून सोडलं होतं, ती चालेल का? कांजिण्यांचा एकच डोस आहे आणि दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं) घेतलंय. यातलं काय पुण्यातच उरकून घेऊ?

प्रतिसाद १:
ऑफिसातल्या बाई बरोबर सांगतायत. इथे राज्याचा पैसा सरासरी हजेरीवर मिळतो आणि ऑडिटवाले केजी आणि सातवीच्या लशींच्या नोंदी तपासतात, नियमात न बसणारं मूल सापडलं की त्याची हजेरी वजा. ट्रम्पच्या ऑर्डरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. कॅलिफोर्निया कोविडची लस शाळांना सक्तीची करणार होतं, तो बेत २०२३ मध्येच गुंडाळला. बाकी लशींना "आमचा विश्वास नाही" म्हणून मिळणारी सूट डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर २०१५ च्या कायद्याने काढली, २०१६ पासून लागू. टेक्सासवाले मित्र फॉर्म भरून सुटतात, इथे ते चालत नाही. ग्रुप म्यूट कर ताई :)

प्रतिसाद २:
एमएमआरचे दोन्ही डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे लागतात. एमआरमध्ये गालगुंड नसतो, त्यामुळे वाद घालत बसण्यापेक्षा एक एमएमआर घेऊन टाका, जास्तीच्या डोसाने बिघडत नाही. टीडीत डांग्या खोकला नसतो, सातवीला तोही असलेलं टीडॅप हवं, ते तिकडे बूस्ट्रिक्स किंवा ॲडासेल नावाने मिळतं. कांजिण्यांचा दुसरा पण. मुलाच्या पोलिओकडे नीट बघा, एप्रिल २०१६ नंतरचे तोंडावाटे दिलेले डोस अमेरिकेत मोजत नाहीत, इंजेक्शनचेच धरतात. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जातात. आणि डॉक्टरांकडून प्रत्येक डोसची तारीख महिना शब्दात लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या, ०५/०८ लिहिलं की इथे ८ मे वाचतात.