आधीचा वापर सिद्ध करायचा कसा?

मोठ्या कंपनीकडे नोंदणीकृत ट्रेडमार्क असला की लहान दुकानदाराने मुकाट्याने पाटी उतरवावी, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. २०१३ साली स्पेशलाइज्ड या अमेरिकी सायकल कंपनीने, ‘रूबे’ हा आपला ट्रेडमार्क आहे म्हणून, कॅनडातील ‘कॅफे रूबे’ या सायकलींच्या छोट्या दुकानाला नाव बदलायला सांगितले, तेव्हा फुजी सायकलींची मालक असलेली कंपनीच पुढे आली आणि ‘रूबे’ हे नाव आमचे असून स्पेशलाइज्डला ते केवळ परवान्याने दिले आहे, असे तिने जाहीर केले. दुकानाचे नाव टिकले.

आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३४ आहे. नोंदणीदाराचा वापर किंवा त्याची नोंदणी, यांपैकी जे आधी घडले असेल त्याच्याही पूर्वीपासून जो ते नाव सातत्याने वापरत आला आहे, त्याला रोखता येत नाही. बेळगावात शहापूरला माझ्या मामांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. त्यांना नाव बदलण्याची अशीच नोटीस आली तेव्हा खरी अडचण कायद्याची नव्हती, पुराव्याची होती. पाटी कन्नडमध्ये नव्याने रंगवलेली, जुनी बिलबुके मात्र सगळी मराठीत, त्यातली निम्मी वाळवीने खाल्लेली. उरलेल्या पानांचे इंग्रजी भाषांतर जोडून वकिलांनी उत्तर धाडले. त्यानंतर समोरून पत्र आले नाही.